पाटलांच्या घरातला गोखले

१९८९ साली दूरदर्शनवर ‘मिस्टर योगी’ ही मालिका लागली, तेव्हा कमठाण्यात आमच्या गल्लीत दूरचित्रवाणी संच मोजकेच होते. ज्या घरी आम्ही ती पाहावयास जात असू, तेथे एक वाद ठरलेला. श्रेयनामावलीत ‘मोहन गोखले’ हे नाव दिसले की आमचे आजोबा म्हणत, “गोखले म्हणजे आपलाच की रे!” त्यावर घरच्या काकू तितक्याच ठामपणे सांगत, “छे हो अण्णा, ह्याच्या बसण्या-उठण्यात गोखलेपण कुठं दिसतंय? पटेलच आहे हा.” वाद कधी मिटला नाही. आज इतक्या वर्षांनी वाटते की, काकूंनी नकळत त्या नटाला जो अभिप्राय दिला, तसा तो कोणा समीक्षकाने दिलेला आमच्या वाचनात नाही.

आमच्यासारख्या सीमेवरच्या कुटुंबांना त्या काळी मराठी नट भेटत ते बहुधा हिंदीतून. राष्ट्रीय कार्यक्रमाची हिंदी आमच्याकडे दिसे, मुंबई केंद्राची मराठी दिसत नसे. म्हणून आम्ही नावे वाचत असू. कुलकर्णी, देशपांडे, गोखले असे काही पडद्यावर सरकले की घरात जरा हालचाल होई. भूमिका कशी झाली हा प्रश्न मागाहून. हा आमचा दोष आहे, तो कबूल करूनच पुढे लिहितो.

‘मिस्टर योगी’ केतन मेहता यांनी मधु राय यांच्या ‘किम्बल रेवन्सवूड’ या गुजराती कादंबरीवरून केली. अमेरिकेत स्थिरावलेला योगेश ईश्वरलाल पटेल लग्नासाठी मायदेशी येतो. वेळ थोडा, मुली अनेक. तेव्हा बारा राशींच्या बारा मुली पाहून निवड करावी अशी युक्ती तो काढतो. सूत्रधार ओम पुरी मध्ये-मध्ये येऊन त्याची फिरकी घेतात. कल्पना आज थोडी खटकते. एक पुरुष बारा मुलींची परीक्षा घेतो, ही गोष्ट विनोद म्हणूनही सहज गिळता येत नाही. मात्र गोखल्यांचा अभिनय असा की परीक्षा होते ती योगीची. अमेरिकेचा तोरा मिरवणारा हा तरुण प्रत्येक बैठकीत थोडा थोडा उघडा पडतो आणि ते त्याला स्वतःला सर्वांत शेवटी कळते. गोखले त्याला मूर्ख करत नाहीत. त्याचा उत्साह खरा ठेवतात, फजितीही खरी ठेवतात. उदगीर-निलंग्याकडचे पाहुणे येऊन पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून गेले, असे चार-पाच वेळा सोसलेल्या आमच्या एक आत्या त्या मालिकेला सर्वांत जास्त हसत. त्या कोणाला हसत होत्या, हे आम्हांला पुष्कळ उशिरा उमगले.

पुढे २००९ साली याच कादंबरीवरून आशुतोष गोवारीकरांनी ‘व्हॉट्स युअर राशी?’ काढला. तेथे बाराही मुली प्रियांका चोप्रा यांनी रंगविल्या, त्यामुळे साऱ्या चित्रपटाचे लक्ष त्या बारा रूपांकडे गेले आणि पाहणारा कोरा राहिला. तो चित्रपट पाहताना आम्हांला गोखल्यांची किंमत कळली. कथेचा कणा त्या पाहणाऱ्यातच होता.

पण केवळ ‘योगी’वर थांबणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. याच केतन मेहतांच्या ‘भवनी भवाई’ या १९८० च्या गुजराती चित्रपटात गोखल्यांनी जीवो केला. राजाचा मुलगा, पण अस्पृश्यांच्या घरी वाढलेला. कोरड्या विहिरीला पाणी लागावे म्हणून त्याचा बळी ठरतो, आणि आपल्या मरणाच्या मोबदल्यात आपल्या लोकांवरची अपमानाची बंधने उठवावीत अशी मागणी तो करतो. चित्रपटात नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, स्मिता पाटील, दीना पाठक अशी मातब्बर मंडळी. भवाई हा लोकनाट्याचा प्रकार, म्हणजे आवाज चढा, हावभाव मोठे. या गलबल्यात जीवो साधा राहतो. अट घालणारा माणूस ओरडत नाही, हे त्या नटाला पुरते समजले होते. मेहतांनी चित्रपटाला दोन शेवट दिले आहेत, एक सुखाचा आणि एक संहाराचा. दोन्ही शेवटांना आवश्यक तो विश्वास जीवोच्या चेहऱ्यावर आहे.

आता वीस वर्षे पुढे येऊ. डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या २००० साली आलेल्या चित्रपटात मामुट्टी बाबासाहेब झाले आणि मोहन गोखले झाले गांधीजी. ज्या नटाने जीवो होऊन अस्पृश्यांसाठी मागणी केली, तोच आता १९३२ च्या पुणे कराराच्या प्रसंगी बाबासाहेबांच्या मागणीसमोर उपोषण मांडून बसलेला! हा योग दिग्दर्शकाने योजला असेल असे आम्ही म्हणत नाही, परंतु प्रेक्षकाला तो टाळता येत नाही. बेन किंग्जले यांच्या १९८२ च्या गांधींनी साऱ्या जगाच्या डोळ्यांत घर केलेले होते. शिवाय हा चित्रपट बाबासाहेबांच्या बाजूने पाहतो. तेथे गांधीजींचे व्यंगचित्र होण्याचा धोका मोठा. गोखल्यांनी त्यांना देवही केले नाही आणि खलही केले नाही. मृदू, किंचित मिश्किल आणि आपल्या जागेवरून तसूभर न हलणारा म्हातारा त्यांनी उभा केला. समोरच्याला राग यावा आणि तो बोलून दाखविता येऊ नये, अशी ती मृदुता आहे. आमच्या बीदर भागात हा विषय अजूनही घराघरांत वेगवेगळ्या आवाजांत बोलला जातो. चित्रपट पाहून बाहेर पडताना आमच्यातल्या दोन मित्रांचे भांडण झाले, एकाला हे गांधी फार सौम्य वाटले, दुसऱ्याला फार कठोर. अशा भूमिकेची परीक्षा आणखी कोणत्या रीतीने करायची?

‘अकाली गेले म्हणून दुर्लक्षित राहिले’ असे गोखल्यांविषयी सहज म्हटले जाते. आम्हांला ते मान्य नाही. ‘स्पर्श’, ‘मोहन जोशी हाजिर हो!’, ‘मिर्च मसाला’ असे काम मागे ठेवून गेलेल्या नटाला वेळ मिळाला नाही असे कसे म्हणावे? आमची समीक्षा रंगभूमीवर पोसलेली आहे. ती शब्दफेक पाहते, स्वगत पाहते, प्रवेशाला पडलेली टाळी मोजते. जो नट पात्रात विरघळून जातो, त्याला ती ‘बरा आहे’ म्हणून सोडून देते. मराठी चित्रपटाने तरी त्यांना काय दिले? ‘माफीचा साक्षीदार’मध्ये (१९८६) ते आहेत, पण लोकांच्या लक्षात राहिले ते नाना पाटेकर. मराठीला ते हिंदीचे वाटले, हिंदीत ते नसीर-ओम पुरींच्या सावलीत राहिले, आणि गुजराती घरांनी त्यांना योगी पटेल मानून टाकले. दोन राज्यांच्या मधोमध राहणाऱ्यांना ही हकीकत वेगळी समजावून सांगायला नको.

एप्रिल १९९९ मध्ये, कमल हासन यांच्या ‘हे राम’चे काम चालू असता, चेन्नईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. श्रीराम अभ्यंकरची ती भूमिका नंतर अतुल कुलकर्णी यांनी केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुलकर्णींचे काम उत्तमच आहे, तरी तो चित्रपट पाहताना आमचे मन दोन ठिकाणी असते. गांधींचा द्वेष करणारा अभ्यंकर आणि स्वतः गांधी, दोन्ही एकाच नटाकडून एकाच सुमारास पाहावयास मिळाले असते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘अल्फा मराठी’ सुरू झाली. पुढे केबलची तार आमच्या गल्लीत पोहोचली आणि मराठी नट रोज संध्याकाळी मराठीतच बोलू लागले. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये शुभांगी गोखले दिसल्या, तेव्हा घरात कोणी तरी म्हणाले, “ह्या मोहन गोखल्यांच्या पत्नी.” आजोबा तोवर राहिले नव्हते. काकू होत्या. त्या क्षणभर पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे तो खरंच गोखले होता होय?”