सहाच्या सहा चिप बदलल्या, पण बिघाड कळला का?

संशोधनाची तयारी करताय, तर आज एका जुन्या वाद्याची दुरुस्ती तपासू या. रोलँडचा जुनो-१०६ हा १९८४ सालचा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर. त्यात सहा व्हॉइस असतात, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजतात. प्रत्येक व्हॉइसला ८००१७ए नावाची एक चिप. तिच्यावरचं इपॉक्सीचं आवरण जुनं झालं की त्यातून वीज गळायला लागते. मग दर सहावा सूर खरखरतो किंवा गायबच होतो.

घरी दुरुस्ती करणाऱ्यांचा लाडका सल्ला असा: सहाही चिप काढा, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून आवरण उतरवा किंवा सरळ नव्या बसवा, आणि हात घातलाच आहे तर कपॅसिटरही बदला. वाद्य बहुतेकदा वाजायला लागतं. वादकाला एवढं पुरे. शिवाय सगळ्या चिप एकाच वयाच्या, त्यामुळे सल्ला वेडगळ मुळीच नाही.

माझा आक्षेप त्यापुढच्या वाक्यावर आहे: ‘म्हणजे चिपच खराब होत्या.’ हे कुठे सिद्ध झालं? चिप बदलल्या, कपॅसिटर बदलले, आणि सोल्डरचे सांधेही नव्याने झाले. हा तिसरा बदल तर कुणी मोजतच नाही!

आता दुसरी वाट बघा. ‘की ट्रान्सपोज’ बटण दाबून धरून वाद्य चालू केलं की टेस्ट मोड येतो. कुठली व्हॉइस वाजतेय, तिचा आकडा डिस्प्लेवर दिसतो. समजा, ३ नंबर बिघडलाय. वाद्याचा प्लग काढा, ३ आणि ५ च्या जागी सॉकेट बसवा आणि त्या दोन चिपची अदलाबदल करा. बिघाड ५ वर गेला तर दोष चिपचा. ३ वरच राहिला तर दोष बोर्डात कुठेतरी. दोन्हीकडून नाहीसा झाला तर संशय जुन्या सांध्यावर. आणि दोन व्हॉइस एकदम गेल्या असतील, तर आधी एमसी५५३४ए बघा, कारण ती चिप दोन व्हॉइसमध्ये सामाईक असते.

याला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण हाती फक्त चालू वाद्य येत नाही, कारणही येतं.

तुमच्या प्रयोगशाळेतही हेच होणार आहे. अडलेला प्रयोग अचानक ‘चालला’ की लगेच निष्कर्ष लिहू नका. केलेला बदल एकदा मागे घ्या. बिघाड परत आला, तरच कारण सापडलं असं म्हणा.