संख्याशास्त्राच्या प्राथमिक परिभाषेतील अर्थसंकर

मराठी परिभाषेवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप तिच्या क्लिष्टतेचा असतो. ‘बहुलक’, ‘सहसंबंध’ यांसारखे संस्कृत घडणीचे शब्द विद्यार्थ्याला परके वाटतात, असे म्हटले जाते. संख्याशास्त्राच्या प्रारंभिक अध्यापनापुरते पाहिल्यास हा आक्षेप अस्थानी आहे. तेथील खरी अडचण अपरिचित शब्दांची नसून अतिपरिचित शब्दांची आहे.

शालेय गणितात मध्य, मध्यक आणि बहुलक ही त्रयी रूढ आहे. पाच कामगारांचे मासिक वेतन अनुक्रमे १०, १२, १४, १६ व ९८ हजार रुपये आहे असे मानू. बेरीज १५० हजार. तिला पाचाने भागता ‘मध्य’ ३० हजार येतो. क्रमाने मधोमध असलेली संख्या, म्हणजे ‘मध्यक’, १४ हजार. पाचांपैकी चौघांचे वेतन ‘मध्या’च्या खाली आहे! व्यवहारात मध्य म्हणजे मधले स्थान; परिभाषेत मात्र हा शब्द जी राशी मध्यभागी असेलच असे नाही तिला दिला गेला, आणि जी खरोखर मध्यभागी आहे तिच्या वाट्याला केवळ एक प्रत्यय आला. ‘माध्य’ हे पर्यायी रूपही याच दोषाचे वाटेकरी होय. याउलट ‘बहुलक’ हा शब्द बोलीत नसल्यामुळे विद्यार्थी थेट व्याख्येकडे वळतो व फसत नाही.

‘प्रमाण विचलन’ या संज्ञेत अर्थसंकर अधिक सूक्ष्म आहे. कार्ल पिअर्सनने १८९४ साली रूढ केलेल्या संकल्पनेचे हे नाव ‘प्रमाण भाषा’ या वळणावर बेतलेले आहे. परंतु गणिताच्या वर्गात ‘प्रमाण’ म्हटले की समप्रमाण व व्यस्तप्रमाण आठवते, आणि विचलनाचे कशाशी तरी असलेले गुणोत्तर अपेक्षिले जाते. वस्तुतः वेतन रुपयांत असेल तर त्याचे प्रमाण विचलनही रुपयांतच येते. त्याचे सरासरीशी असलेले गुणोत्तर ही निराळीच राशी होय.

‘नमुना’ हा शब्द तर व्यापाऱ्याच्या पेढीवरून आलेला. व्यापारी दाखवतो तो माल निवडलेला असतो. संख्याशास्त्रीय नमुन्यात निवडणाऱ्याच्या आवडीनिवडीस वाव नसावा, हीच पहिली अट. शितावरून भाताची परीक्षा होते ती सारा भात एकाच आधणात शिजलेला असतो म्हणून. मानवसमूह तसा एकजिनसी नसतो.

शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हा सोस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील विचार येथे मार्गदर्शक ठरावा. संज्ञा सुटी पारखून चालत नाही. तिची संपूर्ण श्रेणी पारखावी लागते. त्या कसोटीवर ‘अंकगणिती सरासरी’ ही संज्ञा ‘मध्य’ या संज्ञेहून श्रेयस्कर ठरते, कारण ‘मध्यक’ या संज्ञेशी तिची गल्लत संभवत नाही. सरासरी या शब्दाला बोलीत ‘अंदाजे’ अशी छटा आहे खरी. तथापि ‘अंकगणिती’ या विशेषणाने तिचे निवारण होते. ‘प्रमाण’ व ‘नमुना’ हे शब्द आता इतके रुजले आहेत की ते बदलणे इष्ट नव्हे. त्यांच्या बाबतीत शिक्षकाने व्याख्येपूर्वी शब्दाचा व्यावहारिक अर्थ सांगून तो बाजूस सारावा. सुबोधतेच्या आग्रहाखाली ओळखीचा शब्द स्वीकारताना त्याने बरोबर आणलेला अर्थही स्वीकारला जातो, हे परिभाषाकारांनी विसरू नये.