काट्यावर गादी

आमच्या घराण्यात गादीवर कुणी बसल्याचा इतिहास नाही. झोपल्याचाही फारसा नाही. आजोबा घोंगडीवर झोपत, वडील चटईवर, आणि मी बत्तीस वर्षे मुंबईत नोकरी केली ती परळच्या एका खोलीतून. तिथे एकुलती एक गादी दिवसा गुंडाळून कोपऱ्यात उभी असायची आणि रात्री तिच्यावर कोण झोपणार हे आलेल्या पाहुण्याच्या वयावरून ठरायचे. मी कायम वयाने कमी पडलो. निवृत्त होऊन मसुऱ्यात परतलो तेव्हा वयाची अट पुरी झाली होती, पण तोवर कंबर गेली होती.

गावच्या घरात गादी होती, पण ती आईची. आईच्या लग्नातली. या गादीतला कापूस तोच, खोळ मात्र पाच-सहा वेळा बदललेली. पूर्वी पावसाळ्याआधी पिंजारी यायचा. खांद्यावर ते भलेमोठे धनुष्य, जणू सीतास्वयंवराहून परत निघालेला निराश उमेदवार. मग खळ्यात दिवसभर ‘टण टण’ चालायचे, पांढरा कापूस उडायचा, आम्ही पोरे त्यात शिंकत फिरायचो आणि संध्याकाळी खडकासारखी झालेली गादी पुन्हा पोळीसारखी फुगायची. पिंजारी यायचा बंद होऊन आता किती वर्षे झाली देव जाणे. गादी पुन्हा खडक झाली, आणि आई तिच्यावर तशीच झोपत राहिली.

गेल्या पौषात आई तापाने आठ दिवस पडून होती. आमचे चिरंजीव मुंबईला, म्हणजे डोंबिवलीला असतात. त्यांनी फोनवरून आजीचे दर्शन घेतले आणि आजीपेक्षा आजीखालची गादी पाहूनच ते हादरले. “बाबा, आजी लादीवर झोपलीय का?” मी म्हटले, “गादीवर.” “मला दोन्हीत फरक दिसत नाही,” एवढे बोलून त्याने फोन ठेवला, आणि दहा मिनिटांत साडेआठ हजारांची फोमची गादी मागवून मोकळा झाला. ती गादी त्याने पाहिली नव्हती, मी पाहिली नव्हती, आणि विकणाऱ्यानेही पाहिली असेल असे मला वाटत नाही. शंभर रात्री झोपून पाहा, नाही आवडली तर पैसे परत, अशी त्यांची बोली होती. लग्नात ही सोय असती तर किती घरे… पण ते असो. सौ. हे वाचणार आहे.

आता आमच्या गावाच्या डोक्यावर भरतगड उभा आहे. रत्नागिरीच्या जुन्या गॅझेटिअरात नोंद आहे की १६७० साली शिवाजी महाराजांनी हा डोंगर पाहिला आणि पाण्याची वानवा दिसताच किल्ल्याचा बेत सोडून दिला. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी भर खडकात सव्वादोनशे फुटांवर विहीर नेली, तेव्हा कुठे १७०१ साली गड पुरा झाला. छत्रपतींनी सुद्धा जिथे माल आधी नजरेखालून घातला आणि नापसंत केला, त्या गावात आम्ही डोळे मिटून गादी घेतली. निदान विहीर किती खोल आहे एवढे तरी विचारायला हवे होते. ते मी विचारले, पण फार उशिरा. त्याची हकीकत पुढे येईल.

पाचव्या दिवशी फोन आला. “काका, तुमचा बॉक्स बागायत तिठ्यावर ठेवलाय. वाडीत गाडी वळवायला जागा नाही.” मी रिक्षा करून गेलो. मला वाटले होते सहा फुटी गादी म्हणजे चार माणसे लागतील. पाहतो तर मृदंगाच्या खोळीएवढी एक पेटी. आईने ओटीवरून विचारले,

“ह्यां काय रे हाडलंस?”

“गादी. नातवान धाडल्यान.”

“मगे तिका आधी भायर काढ. गुदमारतली.”

आईचे निदान अचूक होते. हवा शोषून, दाबून, गुंडाळून तिला पेटीत कोंबलेले होते. प्लॅस्टिकला कोयती लावताच तिने असा काही सुस्कारा सोडला की आमचे मांजर माळ्यावर गेले. मग ती फुगू लागली. सोबतच्या कागदावर लिहिले होते की पूर्ण फुगायला बहात्तर तास लागतील. शेजारचे अण्णा सकाळ-संध्याकाळ येऊन पाहून जात. पहिल्या रात्री खोलीभर एक वास होता, नवी चप्पल आणि ताजा रंग यांच्यामधला. सौ. म्हणाली, “अहो, खिडक्या उघडा, नाहीतर आई गादीपेक्षा वासानेच झोपतील.”

या वस्तूचे कूळ काय ते पाहावे म्हणून मी जरा वाचन केले. ज्याला आपण लहानपणी ‘डनलपची गादी’ म्हणून श्रीमंतांच्या घरी बोटाने दाबून पाहत होतो, ती १९२९ साली इंग्लंडात जन्मली. रबराच्या चिकाला फेस आणून तो भट्टीत घट्ट करायचा. डनलपच्या संशोधकाने पहिला फेस म्हणे घरातल्या केकच्या यंत्रावर काढला. त्या घरच्या बाईंनी काय म्हटले याची नोंद नाही. पुढे १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधले आणि रबराच्या झाडाचाही संबंध संपला. आजची फोमची गादी बहुतेक याच कुळातली. आणि ‘मेमरी फोम’ हा त्यातला सर्वांत धाकटा. तो १९६६ साली अमेरिकेत नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरता तयार केला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो, दाबाचा ठसा धरतो आणि हळूहळू पूर्ववत होतो. मी हाताचा पंजा दाबून पाहिला. पाच सेकंद गादीला माझी आठवण राहिली, मग ती विसरली. आईला १९६२ सालचे नारळाचे भाव आठवतात. या हिशेबाने त्या फोमला ‘विसराळू फोम’ म्हणायला हवे होते. पण त्या नावाने तो कुणी घेतला नसता.

आई आधी खूश होती. वाडीतल्या बायका येऊन गादीवर टेकून जात. आई सांगायची, “नातवान धाडल्यान. विमानातली आसा.” मीही चिरंजीवांना फोन करून ‘उत्तम’ असा अभिप्राय कळवून टाकला. टीकाकार पहिल्या आवृत्तीवर फार लवकर लिहितात, तसे माझे झाले.

एकोणिसाव्या रात्री, म्हणजे पहाटे चारच्या सुमारास, मी पाणी प्यायला उठलो. आईच्या खोलीत दिवा दिसला. ती गादीच्या कडेवर बसली होती. बसली होती म्हणजे अर्धी रुतली होती. पाय जमिनीला जेमतेम टेकलेले, दोन्ही हात बाजूला, आणि हात टेकावा तिथे गादी खाली जाई. लघवीला जायला ती उठली होती. केव्हा, ते तिने सांगितले नाही. हाकही मारली नव्हती. मला पाहून ओशाळून हसली.

“मी उठाक जातंय, आणि ही माका आत वडता.”

मी हात दिला. तिचा हात थंडगार होता. परत आणून बसवताना ती म्हणाली, “झोप काय रे झिला, खडपार पण लागता. माणसाक उठाक येवक व्हया.”

गाद्यांच्या जाहिराती मी तोवर बऱ्याच वाचल्या होत्या. त्यांत माणसे झोपलेली असतात, हसत झोपलेली असतात, एक जण लोळतोय आणि दुसऱ्याला पत्ता नाही अशी असतात. उठणारा माणूस एकाही जाहिरातीत नव्हता. गादीच्या मधल्या भागाबद्दल पानेच्या पाने, आणि कडेबद्दल एक ओळ नाही. छाऐंशी वर्षांच्या माणसाचा संसार कडेवरच चालतो. बसणे, चहा घेणे, गोळी घेणे, लुगडे नीट करणे, उभे राहणे. कापसाच्या गादीची कड दोऱ्याने घट्ट शिवलेली असते. आईचा तळवा साठ वर्षे त्या शिवणीवर टेकत आला होता. मी ती शिवण काढून घेतली होती, आणि वर त्याला माया म्हणत होतो.

सकाळी आईची जुनी गादी माळ्यावरून खाली आली. मालवणात एक जण यंत्रावर कापूस पिंजून देतो, त्याच्याकडे ती नेली. धनुष्याचा टणत्कार नाही, नुसती घरघर. पण काम चोख. त्याने नवी खोळ घातली, कड दुहेरी शिवली. मजुरी धरून फोमच्या किमतीचा चौथा हिस्साही खर्च झाला नाही.

फोमची गादी, अर्थातच, माझ्याकडे आली. विसाव्या रात्रीपासून.

मध्ये आंगणेवाडीची जत्रा झाली. आंगणेवाडी आमच्या मसुऱ्याचीच वाडी, त्यामुळे भराडीदेवीच्या जत्रेची तारीख ठरली की आमच्या घरात किती माणसे झोपणार हेही ठरून जाते. ही तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते. आणि एकदा ठरली की मुंबईचे चाकरमानी नोकरीवर पाणी सोडतील, पण जत्रा सोडणार नाहीत. या वर्षी आमच्याकडे अकरा जण उतरले आणि अकराही जणांनी गादीची परीक्षा केली. भावोजी म्हणाले, फारच मऊ. त्यांचे थोरले बंधू म्हणाले, फारच कडक. पुतणी काही न बोलता दुपारी दोन ते सहा झोपली. हाच एक निर्मळ अभिप्राय.

माझा स्वतःचा अनुभव प्रामाणिकपणे लिहायचा तर कंबरेला बरे वाटले. पाठदुखीला फळी उत्तम, असे आपल्याकडे डॉक्टरांपासून न्हाव्यापर्यंत सगळे सांगतात. मीही दोन वर्षे फळीवर काढून पाठीबरोबर स्वभावही कडक करून घेतला होता. पण २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधली एक पाहणी छापून आली होती. जुन्या पाठदुखीच्या ३१३ माणसांना नव्वद दिवस निरनिराळ्या गाद्यांवर झोपवले, आणि कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांच्या पाठी जास्त सुधारल्या. माझी पाठ एकतिसाव्या रात्री त्या स्पॅनिश लोकांत जाऊन बसली. सकाळी चपला पायात घालताना ‘अगं आई गं’ म्हणायचे बंद झाले. आई दोनदा विचारून गेली, बरा आसा ना?

पण मार्च लागला आणि गादीचा दुसरा गुण कळला. उबेने मऊ होणारी वस्तू उकाड्यात काय करणार? पौषात जी भाकरी होती तिचे चैत्रात घावन झाले. त्यात वीज गेली की अंगाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवल्याचा भास. मी खाली चादर, वर चटई, असा थर चढवला. सौ. म्हणाली, “मग चटईवरच झोपा की! मधे साडेआठ हजार कशाला?”

या प्रश्नाने मला वजनाची आठवण झाली. फोमचा कस जाडीत नसतो, घनतेत असतो. एका घनमीटरात किती किलो माल आहे यावर तो किती वर्षे टिकेल ते ठरते. विकणारे इंच मोठ्या अक्षरात सांगतात आणि किलो बारीक अक्षरात. आमच्या गादीच्या वर्णनात ‘घनता ४०’ असे होते. गादी बहात्तर इंच लांब, छत्तीस रुंद, सहा जाड. गुणाकार केला तर साधारण पाव घनमीटर. म्हणजे दहा किलो भरायला हवी. एवढे साधे गणित, आणि काटा शेजारी. काजू बी घेणारे आमचे व्यापारी मार्चपासून तिठ्यावर काटा मांडून बसतात. मी आणि अण्णा गादी डोक्यावर घेऊन गेलो. रांगेतले लोक बाजूला झाले, कारण गादी घेऊन जाणाऱ्या दोन वृद्धांना कुणी अडवत नाही.

काट्यावर खोळीसकट सात किलो चारशे ग्रॅम. घरी येऊन खोळ वेगळी तोलली ती किलोभर निघाली. म्हणजे फोम साडेसहाच्याही आत. घनता पंचविसाच्या आसपास. व्यापाऱ्याने विचारले, “कितयाक घेतलास?” आणि मनातल्या मनात भागाकार करून म्हणाला, “किलोक साडेअकराशे! काजूगराच्या भावान फेस घेतलास.”

मी गादीवाल्यांना फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी हिंदीत बोलली. मी घनमीटर काढला, ती ‘फील’ काढायची. मी म्हटले, चाळीस लिहिलेय, पंचवीस भरतेय. ती म्हणाली, “सर, आपको नींद तो अच्छी आ रही है ना?” आता येत होती, त्याला मी काय करू? परत घ्यायची तयारी त्यांनी दाखवली. अट एकच, गादी तिठ्यावर आणून द्यायची. त्या मृदंगातून निघालेला हत्ती.

तरी माझा हिशेब असा. साठी उलटलेल्या, कंबर धरलेल्या, स्वतःच्या पायांवर उभे राहता येणाऱ्या माणसाला मध्यम कडक फोम मानवतो. मात्र पाच हजारांच्या वर मी या गादीला एक पैसा देणार नाही, आणि मागवण्यापूर्वी किलोचा आकडा लिहून मागीन. म्हाताऱ्या माणसासाठी घेऊ नये. घेतलीच तर आधी दुकानात तिच्या कडेवर बसवून त्याला स्वतःचे स्वतः उठू द्यावे. आणि आमच्याकडच्या पावसाचे काय ते अजून दिसायचे आहे. सौ. दर वर्षी वैशाखात सगळी अंथरुणे खळ्यात टाकून त्यांना कडक ऊन दाखवते. सोबतच्या कागदावर ठळक लिहिले आहे, उन्हात ठेवू नये. ऊन लागले की हा फोम पिवळा पडतो आणि भुगा होतो. म्हणजे चार महिने ओल खायची आणि उन्हाला तोंड दाखवायचे नाही. तूर्त पलंगाच्या फळ्यांत दोन-दोन बोटे फट ठेवून खालून वारा जाईल असे केले आहे. आणि ती बसली की तिला कुणी पिंजून देणार नाही. तेव्हा ती कुठे टाकायची याचे उत्तर ग्रामपंचायतीकडेही नाही.

शंभराव्या सकाळी फोनवर संदेश आला. मुदत आज संपत आहे, आपण समाधानी आहात का? एक ते पाच तारे द्या. मी चष्मा लावून विचार करत बसलो होतो. आई आपल्या गादीच्या कडेवर हात टेकून उठली, खुडूखुडू चालत दारापर्यंत आली.

“कोणाचो फोन?”

“गादीवाल्यांचो. कशी आसा म्हणान इचारतंत.”

आईने माझ्या खोलीत डोकावून पाहिले. फोमच्या बरोबर मध्यावर मांजर गोल होऊन झोपले होते.

“तेका इचार,” ती म्हणाली, आणि मागीलदारी तोंड धुवायला गेली.