चिठ्ठीत निघालेला नंबर

या वेळचा पेपर माझ्या विषयातला नाही आणि नवाही नाही. व्हिक्टर गिन्सबर्ग आणि यान व्हॅन ऊर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो 2003 साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये छापला. विषय पियानोची स्पर्धा. आता तुम्ही म्हणाल, अर्थशास्त्रज्ञांना पियानोशी काय देणंघेणं? पण आपल्याकडे स्पर्धांचा मोसम आला की 'नवोदित कलाकारांना आणि संस्थांना सुवर्णसंधी' अशी पोस्टर्स फिरायला लागतात, आणि दर वेळी मला हा पेपर आठवतो. ही संधी नक्की कशाची, हे मोजायचा इतका चलाख प्रयत्न मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मात्र तो जिथे थांबतो तिथेच आपला खरा प्रश्न सुरू होतो, असंही मला वाटतं.

स्पर्धा ब्रुसेल्सची, क्वीन एलिझाबेथ. सुरुवात 1937 साली झाली, तेव्हा तिला व्हायोलिनवादक इझाईचं नाव होतं. पहिल्या वर्षी डेव्हिड ऑइस्ट्राख जिंकला, पुढच्या वर्षी पियानोत एमिल गिलेल्स. म्हणजे प्रतिष्ठेबद्दल शंका नको. फायनलला 12 जण असतात, रोज संध्याकाळी दोघं, अशा सहा संध्याकाळी. प्रत्येकाला एक कोरी, आधी कुणीच न ऐकलेली रचनाही वाजवावी लागते. आणि कोण कधी वाजवणार हे आधीच चिठ्ठ्या टाकून ठरतं.

इथेच पेपरची किल्ली आहे. जिंकलेले लोक पुढे यशस्वी होतात हे सगळ्यांनाच दिसतं. पण ते का होतात? मुळात चांगले होते म्हणून जिंकले आणि म्हणूनच पुढे गेले, की जिंकल्याचा शिक्का बसला म्हणून पुढे गेले? नुसता निकाल आणि नंतरचं करिअर शेजारी ठेवून हे कधीच सुटणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही अशा वेळी नमुने रँडम वाटतो. पण पहिला नंबर रँडम वाटून बघू, असं कुठली स्पर्धा म्हणेल?

लेखकांना दिसलं ते असं की थोड्या प्रमाणात तो तसाच वाटला जातो! 1952 ते 1991 मधल्या 11 पियानो स्पर्धा, म्हणजे 132 फायनलिस्ट त्यांनी घेतले. पहिल्या दिवशी वाजवणारे निकालात मागे पडतात आणि नंतर येणाऱ्यांना फायदा होतो, असं आकड्यांत निघालं. चिठ्ठीला तर कुणाची बोटं चांगली आहेत हे माहीत नसतं. एक शक्यता अशी की ती कोरी रचना परीक्षकही पहिल्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत असतात. चार-पाच वेळा ऐकल्यावर कान तयार होतो, हात सैल होतो. कारण काहीही असो, निकालातला चिठ्ठीमुळे हललेला भाग गुणवत्तेपासून वेगळा काढता येतो. मग प्रश्न इतकाच उरतो: फक्त चिठ्ठीमुळे वर गेलेल्यांना पुढे जास्त यश मिळालं का?

मिळालं. रेकॉर्डिंगच्या कॅटलॉगमध्ये त्यांच्या नोंदी जास्त, समीक्षकांचे गुण जास्त. चांगला क्रमांक गुणवत्तेशिवायही करिअर घडवतो.

आता माझी कुरकुर. समीक्षकांचे गुण हा निकष मला कच्चा वाटतो. हे समीक्षक बेल्जियमचेच आहेत. ज्या स्पर्धेचं त्यांच्या देशात एवढं प्रस्थ, तिच्या फायनल त्यांनीही त्याच क्रमाने ऐकल्या असण्याची शक्यता बरीच आहे. मग परीक्षकांचा कान जसा घसरला तसा त्यांचाही घसरला असेल, आणि आपण ज्याला 'नंतरचं यश' म्हणतोय तो त्याच संध्याकाळचा दुसरा ठसा असेल. कॅटलॉगचा पुरावा यातून बराचसा सुटतो, म्हणून निष्कर्ष माझ्या मते टिकतो. पण दोन्ही पुरावे सारख्याच वजनाचे नाहीत.

मोठी अडचण वेगळीच आहे. हा सगळा हिशोब बारा जणांच्या आतला आहे. ज्यांनी अर्ज केला आणि पहिल्याच फेरीत घरी गेले ते यात नाहीत. ज्यांनी स्पर्धेच्या नादी न लागता तीच दोन वर्षं छोट्या मैफिली करण्यात घालवली, तेही नाहीत. त्यामुळे 'स्पर्धेने संधी निर्माण होते' असं हा पेपर सांगत नाही. असलेली संधी बारा जणांत कशी वाटली जाते, एवढंच तो सांगतो. चिठ्ठीमुळे एक जण वर जातो तेव्हा दुसरा खाली येतोच. तरी हा पेपर स्पर्धांच्या समर्थनार्थ पुढे केलेला मी ऐकलाय: बघा, पुरस्काराचा फायदा होतो! होतो ना. प्रश्न असा आहे की त्याचा खर्च कोण भरतं.

आपल्याकडे हा खर्च संस्था भरते. तालमीची जागा, नेपथ्य, टेम्पोचं भाडं, नोकरीतल्या रजा. वीस संघ हे सगळं करतात आणि शिक्का एकावर बसतो. तो शिक्काही किती पक्का? 2022 साली पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका त्या योग्यतेची नाही असं ठरवून करंडक कुणालाच दिला नाही. बराच वाद झाला. निम्मे लोक म्हणाले दर्जा राखला, निम्मे म्हणाले पोरांचा हिरमोड केला. मला त्यात एक मुद्दा कुठेच दिसला नाही. ब्रुसेल्सच्या परीक्षकांची मोजपट्टी जर पहिल्या आणि पाचव्या दिवशी वेगळी पडत असेल, तर 'करंडकाची योग्यता' ही रेघ कुठल्या दिवसाच्या मोजपट्टीने आखायची?

बरं, म्हणून स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. राज्य नाट्य स्पर्धेचंच बघा. लहान गावातल्या हौशी संस्थेसाठी ती अनेकदा नाटक बसवण्याचं एकमेव कारण असते. तारीख ठरलेली, नाट्यगृह मिळणार, समोर प्रेक्षक बसणार. हा फायदा पहिल्या येणाऱ्यालाही मिळतो आणि शेवटच्यालाही, आणि गिन्सबर्ग-व्हॅन ऊर्स यांच्या गणितात तो मावतच नाही, कारण तो सगळ्यांना सारखा आहे. माझ्या मते संधी ही आहे. क्रमांक ही तिच्यावर लावलेली सोडत.

सोडतच आहे म्हटल्यावर ती उघडपणे सोडत म्हणून वागवता येते. विज्ञानात हे सुरू झालंय: न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च काउन्सिलने 2013 पासून एक्सप्लोरर ग्रँट नावाचा निधी पात्र प्रस्तावांमधून चिठ्ठ्या काढून दिला. कलाकारांना हे रुचणार नाही. टाळ्या चिठ्ठीला कोण वाजवणार? पण मधला रस्ता आहे. क्वीन एलिझाबेथमध्ये आता पहिल्या सहांनाच क्रमांक देतात, उरलेल्या सहांना देत नाहीत. आपल्याकडे बक्षिसाच्या रकमेतून अंतिम फेरीतल्या सगळ्या नाटकांचा आणखी एकेक प्रयोग दुसऱ्या गावात लावता येईल.

आणि आयोजकांकडे एक मागणी. सादरीकरणाचा क्रम जाहीर असतोच, त्याच्या शेजारी प्रत्येक परीक्षकाचे गुणही टाका. परीक्षकांची नावं झाकली तरी चालतील. दहा वर्षांचा असा डेटा मिळाला तर पहिल्या दिवशीच्या संघांचं आपल्याकडे काय होतं, हे संख्याशास्त्राचा एखादा विद्यार्थी महिन्याभरात काढून देईल. मला ते उत्तर खरंच माहीत करून घ्यायचंय.