एका ‘द’चा निवाडा

मराठीत ‘द’सारखे उपपद नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ मधला ‘द प्रॉपर ऑफिसर’ आपण ‘उचित अधिकारी’ म्हणून पुढे जातो. कॅनन खटला त्या ‘द’वरच अडला. दिल्लीच्या कस्टम्सने कॅमेरे शुल्कमाफीत सोडले. वसुलीची नोटीस काढली महसूल गुप्तचर संचालनालयाने. ९ मार्च २०२१ रोजी सरन्यायाधीश बोबडे यांच्या पीठाने सांगितले, ‘द’ म्हणजे ज्याने माल सोडला तोच. दुसऱ्याने त्यात हात घालू नये. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने फेरविचारात हे वाचन मोडीत काढले. ६ जुलै २०११ च्या अधिसूचनेने संचालनालयाला हे काम नेमून दिलेच होते, आणि ती आधी विचारात आलीच नव्हती!

वाचन म्हणून दुसरा निकाल अधिक पक्का. एका उपपदावर एवढा भार टाकायचा तर शेजारची अधिसूचना वाचायलाच हवी. पण पहिल्याची चिंता खोटी नव्हती. एका अधिकाऱ्याने तपासलेली पेटी दुसऱ्या खात्याने पुन्हा उघडायची, तीही लबाडीचा आरोप ठेवला की पाच वर्षांपर्यंत. तोवर माल केव्हाच विकला गेलेला असतो.