शेवट ठाऊक नसलेली कथा

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत सूत्रधार प्रसंग वर्णन करतो. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन आपली कृति सांगतो. यश अनिश्चित असेल तेथें २० बाजूंचा फांसा निकाल देतो. ह्याला वाङ्मय म्हणावें काय? कथेचा शेवट सूत्रधारालाहि ठाऊक नसल्यामुळें बांधेसूदपणा क्वचितच साधतो, हें खरें. परंतु हें वैगुण्यच ह्या कलेचें सामर्थ्य होय. नाटकांत नायकाच्या निवडीचें फळ आपण दुरून पाहतों; येथें निवड आपली व फळहि आपणांसच भोगावें लागतें. तेव्हां नवख्यानें जाड नियमग्रंथांस भिऊं नये. ‘ह्या पात्रानें आतां काय करावें?’ एवढ्याच प्रश्नाला प्रामाणिकपणें उत्तर द्यावें.