परक्या शहरातले घर : ‘आनंदी गोपाळ’ पुन्हा वाचताना

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. पुढे तिच्यावर नाटक आले. २०१९ साली याच नावाचा चित्रपटही आला. कोलशेतच्या खाडीने वर गेले की जे कल्याण लागते, तेथल्या आनंदीबाई जोशी त्यामुळे घरोघरी परिचित झाल्या. आज आपल्या धर्मग्रामांतील मुलेही परदेशी शिकावयास जातात. त्यांच्या आईवडिलांच्या नजरेने ही कादंबरी वाचली असता तिचे मोठेपण जाणवते, तशी एक उणीवही आम्हांस जाणवते.

जोशी यांची खरी पकड पतिपत्नीच्या नात्यावर आहे. पोस्टात नोकरी करणारे हट्टी, विक्षिप्त गोपाळराव. नवव्या वर्षी त्यांच्याशी विवाह झालेली, त्यांच्या धाकात शिकलेली आनंदी. गोपाळरावांना खलनायक न करता लेखकाने हा ताण उभा केला, हे त्याचे यश. परंतु याच मांडणीमुळे अमेरिका ही त्या नात्याच्या कसोटीचे नेपथ्य ठरते, आणि परक्या गावी रुजण्याचे रोजचे कष्ट मागे पडतात.

ते कष्ट शोधावयाचे तर काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्राकडे आणि आनंदीबाईंच्या पत्रांकडे वळावे लागते. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील थंडीत नऊवारी पुरेना, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. शाकाहार मात्र सोडला नाही. काय बदलावे आणि काय जपावे, याचा निर्णय घरापासून हजारो मैलांवर त्यांनी एकटीने केला. आम्हांस त्या पत्रांचे मोल येथे वाटते.

ख्रिस्ती वाचकाला यात एक अवघड प्रश्न भेटतो. गोपाळरावांनी प्रथम वाइल्डर या मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले, तेव्हा उत्तरात ख्रिस्तस्वीकाराचा आग्रह आला. तो पत्रव्यवहार छापला गेला आणि रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता या हिंदू मुलीला आपल्या घरी ठेवून घेतले; आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायात परक्याला घरात घेणाऱ्यांचा न्याय होतो. त्या परक्याचा धर्म तेथे कोणी विचारीत नाही. या कथेत शुभवर्तमान कोणी आचरले, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

म्हणून बाप्तिस्मा नाकारणाऱ्या आनंदीबाई आपल्या वाचकाला परक्या वाटू नयेत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंनी १८८३ सालीच वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता. दोघींच्या वाटा निराळ्या झाल्या, आपुलकी तुटली नाही. या प्रसंगाला कादंबरीत अधिक अवकाश मिळावयास हवा होता.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांची रक्षा अमेरिकेत मावशींकडे पाठविण्यात आली. पोकीप्सी येथील कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.